दिसण्याआधीची दहा वर्षं

परळ स्टेशनातून बाहेर पडून हॉस्पिटलांच्या दिशेने चालू लागलं की माणसांच्या हातातली मोठमोठी पाकिटं दिसायला लागतात. ती काखेत नीट बसत नाहीत, पिशवीत मावत नाहीत आणि दुमडायची तर सोयच नसते. पावसाळ्यात माणसं स्वतः भिजतात, पण पाकिटाला प्लास्टिकची पिशवी घातलेली असते. जरा मोकळी जागा आणि जरा उजेड मिळाला की कोणीतरी आतली काळी फिल्म काढून आभाळाकडे धरतं. बरोबरचा नातेवाईक मान तिरकी करून बघतो. दोघांनाही त्यातलं ओ की ठो कळत नसतं, तरी बघतात. घरी पोचल्यावर ट्यूबलाइटसमोर पुन्हा तोच प्रयोग होतो. शेजारचे काका येतात, चष्मा कपाळावर चढवून ती फिल्म न्याहाळतात आणि 'हं' म्हणतात. त्या 'हं'चा अर्थ लावत घरातल्यांची रात्र जाते.

माणसाला आत बघायची ही जी ओढ आहे, ती फार जुनी असणार. आपल्याच शरीरात काय चाललंय हे आपल्याला कळत नाही, ही मुळात चमत्कारिक गोष्ट आहे. यकृत म्हणजे नेमकं कुठे ते दाखवा म्हटलं तर चांगली शिकलीसवरलेली माणसं पोटावर भलतीकडे हात ठेवतात.

माझ्या आत्याचा पेट स्कॅन होता तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. रात्रीपासून उपाशी. सिस्टरने आधी बोटाला सुई टोचून साखर तपासली. मग शिशाच्या जाड डबीतून एक इंजेक्शन निघालं, ते दिलं, आणि सिस्टर लगबगीने बाजूला झाली. आत्याला एका मंद उजेडाच्या खोलीत आरामखुर्चीत बसवलं, अंगावर पांघरूण घातलं. "आजी, आता तासभर बोलायचं नाही. काही चघळायचं नाही, उठायचं नाही. नुसतं पडून राहायचं." आत्याने जन्मात कधी तासभर तोंड मिटून घेतलं नव्हतं. तिने विचार केला आणि म्हणाली, "जप केला तर चालेल ना?"

"मनात करा."

या शांततेला कारण आहे, ते मला नंतर वाचताना कळलं. इंजेक्शनमधून जी जाते ती साखरच. ग्लुकोजच्या रेणूत एका जागी किंचित बदल करून तिथे किरणोत्सारी फ्लोरिनचा अणू बसवलेला असतो. शरीरात जी पेशी कामात असते ती साखर ओढून घेते. ही साखरही ती ओढून घेते, पहिली प्रक्रिया करते, आणि पुढे अडते, कारण त्या बदललेल्या जागेमुळे साखर मोडता येत नाही. सहजासहजी बाहेरही टाकता येत नाही. साखर तिथेच साठत जाते. बोलणाऱ्याच्या कंठाचे स्नायू ती घेतात, चघळणाऱ्याच्या जबड्याचे घेतात, थंडी वाजली तर मानेजवळची एक प्रकारची चरबी घेते, म्हणून ते पांघरूण. कर्करोगाची पेशी साखरेला हपापलेली असते, तीही घेते. तेव्हा बाकीच्यांनी गप्प बसावं आणि जी गप्प बसू शकत नाही तिने स्वतःला उघडं पाडावं, असा तो डाव. मेंदूला मात्र कोणी गप्प बसवू शकत नाही. तो प्रत्येकाच्या चित्रात झगझगीत असतो, जप करा किंवा करू नका.

त्या फ्लोरिनच्या अणूतून पॉझिट्रॉन निघतो, म्हणजे चक्क प्रतिपदार्थाचा कण. जवळच्या इलेक्ट्रॉनला तो भेटतो, दोघेही नाहीसे होतात आणि गॅमा किरणांची जोडी बरोबर विरुद्ध दिशांना सुटते. भोवतालच्या यंत्राच्या कड्यातले स्फटिक ही जोडी एकाच क्षणी पकडतात आणि यंत्र गणित करून सांगतं की ती कोणत्या रेषेवरून आली. अशा असंख्य रेषांतून चित्र उभं राहतं. परळच्या एका खोलीत, खालच्या रस्त्यावर वडापावची गाडी लागलेली असताना, हे विश्वोत्पत्तीच्या पुस्तकात शोभावं असं काहीतरी घडत असतं आणि बाहेर बाकावर बसलेले आपण टोकन नंबरची वाट बघत असतो.

शरीरात काहीतरी खुणेचं सोडायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं, ही युक्ती जॉर्ज द हेवेशी यांची. हंगेरीतला हा रसायनशास्त्रज्ञ १९११ च्या सुमारास मँचेस्टरला अणुशास्त्रज्ञ रदरफोर्ड यांच्याकडे होता आणि बिऱ्हाड एका खानावळीत होतं. मालकीणबाई उरलेलं अन्न पुढच्या दिवसांत रूप बदलून वाढतात असा त्यांना दाट संशय. बाई म्हणायच्या, छे, माझ्याकडे सगळं ताजं. मग एका रविवारी हेवेशींनी पानात उरलेल्या घासात किरणोत्सारी पदार्थाची चिमूट टाकली आणि पुढे दोन-तीन दिवसांनी ताटात आलेल्या पदार्थाजवळ उपकरण धरलं. उपकरणाने साक्ष दिली. गोष्ट अशी सांगतात, आणि सदाशिव पेठेत मेसचं जेवण जेवलेल्या कोणालाही ती खरी वाटेल. हेवेशींना १९४३ चं नोबेल मिळालं, ते अर्थातच खानावळीसाठी नव्हतं, पण युक्ती तीच होती.

पेट स्कॅनमधली ती साखर माणसाला पहिल्यांदा टोचली गेली ऑगस्ट १९७६ मध्ये. अमेरिकेतल्या लाँग आयलंडवरच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर, तात्सुओ इदो यांच्या चमूने ती बनवली आणि कुपी छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला धाडली. घाई करणं भाग होतं, कारण हा फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. तिकडे अबास अलावी यांनी स्वयंसेवकांना इंजेक्शन दिलं. अलावी मूळचे इराणमधल्या तब्रीझचे, इदो जपानी. या एका कुपीवर कोणाचं नाव घालायचं? बनवणाऱ्याचं, टोचणाऱ्याचं, की पेट स्कॅनचं यंत्र जुळवणाऱ्या मायकेल फेल्प्सचं? विज्ञानातली कीर्ती बहुतेक वेळा अशीच चार-पाच जणांत वाटली जाते, आणि म्हणून आपल्यापर्यंत कोणाचंच नाव पोचत नाही. आपल्याकडे असा किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारं यंत्र, म्हणजे पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली आला. तो कोणी आणला, किती फायली फिरल्या, हे परळच्या फुटपाथवर फिल्म धरून उभ्या असलेल्या माणसाला कुठे ठाऊक असतं!

मला या सगळ्यांत ज्यांच्याबद्दल वाचत राहावंसं वाटलं ते संजीव गंभीर. जन्म १९६२ चा, अंबाल्याचा. सात वर्षांचे असताना घरचे अमेरिकेत गेले आणि ॲरिझोनातल्या फीनिक्सला स्थायिक झाले. तिकडे ते सॅम झाले आणि सगळे त्यांना शेवटपर्यंत सॅमच म्हणत. आधी भौतिकशास्त्र शिकले, मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एकाच वेळी वैद्यक आणि जैवगणिताची डॉक्टरेट. तिथे फेल्प्स होते. डॉक्टर आणि गणिती हे दोघे एकाच माणसात राहिले की काय होतं याचं गंभीर हे उदाहरण. डॉक्टर रुग्णाकडे बघतो, गणिती विचारतो की बघून उपयोग किती.

पेट स्कॅन पेशीची भूक दाखवतो. गंभीर यांना त्याच्या पलीकडचं बघायचं होतं. अमुक पेशीत अमुक जनुक या घडीला चालू आहे की बंद, आणि तेही जिवंत प्राण्यात, कापाकापी न करता. १९९९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर ते करून दाखवलं. पेशीत एक जादा जनुक घालायचं, नागिणीच्या विषाणूंच्या कुळातल्या एका विषाणूकडून उसनं आणलेलं. ते चालू झालं की पेशी एक विशिष्ट प्रथिन बनवते, आणि ते प्रथिन किरणोत्सारी खुणेचा रेणू आत अडकवून ठेवतं. रानात चरायला सोडलेल्या गुराच्या गळ्यात घंटा बांधावी तसं. गुरं दिसत नाहीत, पण कुठे आहेत ते कळतं. पुढे हीच घंटा त्यांनी रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या गळ्यात बांधली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात त्यांनी एका रुग्णाच्या डोक्यात सोडलेल्या लढाऊ पेशी प्रत्यक्ष कुठे पोचल्या ते चित्रात दाखवलं. त्या रुग्णाला झालेला रोग होता ग्लायोब्लास्टोमा, मेंदूच्या कर्करोगांतला सगळ्यांत दुष्ट.

तोवर ते स्टॅनफर्डला आले होते. २००३ साली आले, रेणूंच्या पातळीवरच्या प्रतिमांसाठीचा तिथला मोठा कार्यक्रम उभा केला, २०११ पासून रेडिओलॉजी विभागाचे प्रमुख झाले. सहाशेहून अधिक शोधनिबंध, पेटंटं, मानसन्मान. हे सगळं नोंदवायला हवं म्हणून नोंदवतो. सन्मानांची यादी वाचताना माझी नजर नेहमी घसरते. लग्नपत्रिकेतली प्रेषक मंडळींची नावं आपण वाचतो तितकंच मी ती वाचतो.

त्यांच्या नावावर ९३ पानांचा एक तक्ता आहे, तो मात्र मला फार आवडतो. अणुवैद्यकाच्या एका नियतकालिकाची पुरवणी म्हणून २००१ साली तो छापून आला. त्या साखरेच्या पेट स्कॅनवर तोपर्यंत झालेले अभ्यास गोळा करून कुठल्या कर्करोगात तो किती वेळा बरोबर ठरतो, किती वेळा चुकतो, किती रुग्णांचे उपचार त्यामुळे बदलले, याचे रकानेच्या रकाने. वाचायला घेतलं तर झोप लागेल. त्यात नवा शोध नाही, चमकदार चित्र नाही. त्याआधी त्यांनी खर्चाचंही गणित मांडलं होतं. फुप्फुसात एकच गाठ दिसली तर थेट छाती उघडायची की आधी पेट स्कॅन करायचा, आणि कशाने रुग्णाचं आयुष्य आणि पैसा दोन्ही वाचतात. यंत्र वीसेक वर्षं अस्तित्वात होतं, पण ते संशोधकांचं खेळणं आहे अशी समजूत होती आणि विम्याचे पैसे मिळत नव्हते. अमेरिकेतल्या मेडिकेअर योजनेने फुप्फुसाच्या गाठींपासून सुरुवात करत या तपासणीचे पैसे द्यायला घेतले ते १९९८ पासून, आणि मग यादी वाढत गेली. पैसे मिळू लागले तशी यंत्रं वाढली. हिशेब करणाऱ्या माणसांवर आपण कथा-कादंबऱ्या लिहीत नाही. लिहायला हव्यात.

मग आलं ते दहा वर्षांचं गणित. २०११ साली शॅरन होरी या सहकारी संशोधिकेबरोबर गंभीर यांनी एक प्रश्न घेतला. बीजाशयातली गाठ रक्तात एक प्रथिन सोडते, ते रक्ततपासणीत सापडतं. पण गाठ किती मोठी झाल्यावर? निरोगी पेशीही तेच प्रथिन थोडं थोडं सोडत असतात, त्या गलबल्यात गाठीचा आवाज वेगळा ऐकू येणार कधी? समीकरणं मांडली. उत्तर आलं की त्या वेळच्या तपासणीला सापडायच्या आधी गाठ १०.१ वर्षं मुकाट वाढू शकते आणि तिचा व्यास २५.३६ मिलिमीटर होऊ शकतो. पंचवीस मिलिमीटर म्हणजे साधारण एका इंचाची गोटी.

हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे गेलो नाही. दहा वर्षं. दहावीतलं पोर पदवी घेऊन नोकरीला लागतं. माणूस हप्ते फेडतो, घराला रंग काढतो, काशी-रामेश्वर करून येतो, रोज सकाळी आरशात बघून दाढी करतो, आणि ती गाठ आतच असते. आपण 'कर्करोग अचानक निघाला' असं म्हणतो. गंभीर यांच्या समीकरणात 'अचानक' हा शब्दच नाही. तिथे फक्त दिसत नव्हता ते आणि दिसायला लागला ते, एवढंच आहे.

दोन वर्षांनी, २०१३ साली, त्यांच्या चौदा वर्षांच्या एकुलत्या एक मुलाला मेंदूचा कर्करोग निघाला. ग्लायोब्लास्टोमा. ज्याच्यावर ते काम करत आले होते, तोच. मे २०१५ मध्ये मुलगा गेला, सोळा वर्षांचा होता. आणि १८ जुलै २०२० रोजी गंभीर स्वतः गेले, कर्करोगानेच. वय ५७.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रात ही बातमी आली असती तर मथळा ठरलेला होता, 'नियतीचा क्रूर खेळ'. तिकडच्या लेखांतही सूर फारसा वेगळा नव्हता. मला तो सूर खटकतो. दम्याचा डॉक्टर दम्याने गेला, पोहणारा बुडून गेला, यात एक चविष्टपणा असतो. आपण हळहळतो आणि आत कुठेतरी गोष्ट जमल्याचं समाधानही होतं. विज्ञानाला नियतीने नाक घासायला लावलं, असं आपल्याला ऐकायला आवडतं. पण यात नियतीने वेगळं काय केलं? तो रोग रसायनशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे वागला. बघता येणं आणि वाचवता येणं यांत अंतर आहे, हे त्या बापाला आपल्यापेक्षा पुष्कळ आधी आणि पुष्कळ नेमकेपणाने, दशांश चिन्हापर्यंत, माहीत होतं. मुलगा गेल्यानंतर दोन वर्षांनी, २०१७ साली, ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमाच्याच कुळातल्या गाठींच्या, रुग्णांमध्ये लढाऊ पेशींचा माग काढण्याचं तेच काम त्यांच्या चमूने पुढचा टप्पा गाठून प्रसिद्ध केलं. बाप म्हणून त्या माणसाने ती चित्रं कशी पाहिली असतील, याची कल्पना करायचा मला अधिकार नाही.

मला दिसतं ते एवढंच की त्यांची नजर आजाऱ्याकडून निरोग्याकडे जास्त जास्त वळत गेली. ते विमानाच्या इंजिनाचं उदाहरण द्यायचे. इंजिनाच्या अंगावर शेकडो संवेदक असतात, ते उडत असतानाच खालच्या माणसाला सांगत राहतात की अमका भाग जरा तापतोय. इंजिन बंद पडायची कोणी वाट बघत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण बंद पडायची वाट बघतो आणि मग त्याला मोठं पाकीट देऊन परळला पाठवतो. म्हणून निरोगी माणसं घेऊन ती रोगी कशी होतात ते वर्षानुवर्षं बघत राहणाऱ्या मोठ्या अभ्यासात ते पडले. आणि म्हणूनच तो संडास.

हो, संडास. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग दाराला कड्या लावून बसलेलं असताना, गंभीर आणि त्यांच्या चमूने एक निबंध प्रसिद्ध केला. साध्या कमोडला बसवता येणारं उपकरण. त्यात कॅमेरे, हालचाल ओळखणारे संवेदक, लघवी तपासणारी पट्टी. मूत्राची धार कशी, मलाचं स्वरूप कसं, रोजच्या रोज नोंद. घरात माणसं चार, तेव्हा नोंद कोणाची हे कसं कळणार? फ्लशच्या दांड्यावर बोटाचा ठसा घ्यायचा. पण फ्लश दुसऱ्याने केला तर? म्हणून दुसरीही एक ओळख शोधली, कारण माणसाचं गुदद्वारही बोटाच्या ठशासारखं ज्याचं त्याचं वेगळं असतं. पाहणीत विचारलं तर निम्म्याच्या आसपास लोक म्हणाले की आम्हाला चालेल. उरलेल्यांचं काय म्हणणं असेल ते आपण समजू शकतो. ही कल्पना गंभीर यांच्या डोक्यात पंधराएक वर्षं होती आणि बोलून दाखवली की लोक हसायचे. त्यांचं साधं म्हणणं होतं की माणूस गोळी विसरतो, घड्याळ काढून ठेवतो, तपासणीची तारीख टाळतो, पण इथे रोज जातो. त्याला काही नवीन करायला सांगावं लागत नाही.

आपल्या आजोबांच्या पिढीत सकाळी भेटलेल्या माणसाला 'पोट साफ झालं का?' असं विचारणं ही काळजी समजली जायची. मुळा-मुठेच्या काठी फिरायला येणारी मंडळी या विषयावर तासन् तास बोलू शकत. वैद्यबुवा नाडीइतकाच मलमूत्राचा विचार करत. पुढे आपण सुधारलो, न्हाणीघरात फरशा बसवल्या आणि तो विषय फ्लशबरोबर वाहून गेला. जगातल्या अग्रगण्य प्रतिमाशास्त्रज्ञाने, प्रतिपदार्थाच्या कणांनी आयुष्यभर चित्रं काढल्यावर, शेवटी कॅमेरा तिथे लावावा याची मला गंमत वाटते, आणि ती चेष्टा नाही. इतकी कीर्ती मिळाल्यावर हसं करून घ्यायला तयार असणं सोपं नसतं. मोठी माणसं शेवटी शेवटी ग्रंथ लिहितात, पुतळ्याच्या तयारीला लागतात.

निबंध आल्यावर चार महिन्यांच्या आत ते गेले. त्या कमोडवर काम करणारे त्यांचे सहकारी सिऊंग-मिन पार्क यांना २०२३ साली त्याबद्दल इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. त्यामुळे आता इंटरनेटवर गंभीर यांचं नाव शोधणाऱ्याला मुलाचं दुःख आणि संडास या दोन गोष्टी आधी भेटतात. लोकांनी कशासाठी लक्षात ठेवावं हे कोणाच्या हातात नसतं. घंटा बांधलेल्या पेशींचं काम मोठं आहे, दहा वर्षांचं गणित तर सगळ्यांत अस्वस्थ करणारं. तरी मला कोणी विचारलं की या माणसाचं एकच काम ठेवायचं तर कुठलं, तर मी ती रकान्यांची ९३ पानं पुढे करीन. ती कोणी वाचत नाही, पण परळच्या फुटपाथवरच्या पाकिटांचा रस्ता त्यांच्यावरून आलेला आहे.